दोन मिलिमीटरातले पक्षी

तात्या कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे न बघता जमिनीकडे बघत. चपला काढून दोन पावलं आत टाकली की त्यांना कळलेलं असे: ही फरशी दाराकडे उतरते, त्या कोपऱ्यातला तुकडा उरल्यासुरल्यातून जुळवलाय, आणि बसवणाऱ्याचं त्या दिवशी घरी भांडण झालेलं होतं. एकदा आजारी मित्राला भेटायला गेले, तर कॉटजवळ उभं राहून ‘कसा आहेस’ म्हणायच्या ऐवजी त्यांनी विचारलं, “कुणी रे बसवलीय ही?” मित्र रागारागाने उठून बसला, आणि त्याच दिवसापासून त्याच्या आजाराला उतार पडला.

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण तात्यांना जन्मात पटली नाही. “अंगण वाकडं असतंच,” ते अगदी गंभीरपणे सांगत. “मी बघितलीत ना. नाचणाऱ्याला उगाच नावं ठेवू नयेत.”

तर असे हे फरशीवाले तात्या. सगळं आयुष्य गुडघ्यांवर गेलं. गावातल्या निम्म्या लोकांना ते चेहऱ्याने नाही तर पाठीने माहीत होते, कारण दुकानात शिरल्यावर दिसायची ती त्यांची वाकलेली पाठ. दुकानं, बँका, दवाखाने रविवारी बंद, म्हणून तिथल्या फरश्या बसणार त्या रविवारीच. सगळं जग सुट्टी घ्यायचं तेव्हा तात्या कुणाच्या तरी बंद शटरच्या आत दोरी ताणून बसलेले असायचे.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं बायकोही त्यांच्याबरोबर जायची. तात्या फरशी बसवत पुढे सरकायचे, आणि दोन फरश्यांच्या मधली जी बारीक फट, जिला कारागीर सांधा म्हणतात, ती पांढऱ्या सिमेंटने भरत बायको मागून यायची. फडक्याने पुसायची, मागे सरून बघायची, आणि एखादा सांधा राहिला असला की तात्यांच्या पाठीवर ओलं फडकं मारून दाखवायची. दोघं दिवसभर बडबडत. मग लेक झाली, बायको घरी थांबली, सांधे भरायला दुसरी माणसं आली, आणि रविवार दोघांचे वेगवेगळे झाले ते झालेच.

घरी एकट्या बसलेल्या बायकोने मागच्या गॅलरीतून बाहेर बघायला सुरुवात केली. आधी चिमण्या दिसल्या, मग चिमण्यांसारखे दिसणारे पण चिमण्या नसलेले कोणी कोणी दिसले, मग तिने दुर्बीण घेतली, आणि बघता बघता ती गावातल्या पक्षीमंडळाची जुनीजाणती सभासद होऊन बसली. मंडळात तिला सगळे काकू म्हणत. दर शनिवारी ती विचारायची, “उद्या येता का?” आणि तात्या म्हणायचे, “उद्या नाही गं. पुढच्या रविवारी नक्की.” तात्यांचा हा पुढचा रविवार म्हणजे एक अजब वस्तू होती. तो कायम पुढेच असायचा.

शेवटी गुडघ्यांनीच हात टेकले. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून सांगितलं, “वाकणं बंद. गुडघे टेकणं तर साफ बंद. चालायचं मात्र भरपूर.”

“कुठे चालायचं?” तात्यांनी विचारलं. आयुष्यभर ते उलटे सरकत आले होते. पुढे तोंड करून चालायची सवय त्यांना नव्हती.

काम सुटलं आणि तात्या घरात पिंजऱ्यातल्या वाघासारखे फिरायला लागले. चमचा घेऊन स्वतःच्याच घरातल्या फरश्या ठोकून बघायचे, कुठे पोकळ आवाज येतो ते. फ्रिज सरकवून मागे बघायचे. लेकीच्या घरी राहायला गेले तर तिसऱ्या दिवशी जावयाने हळूच विचारलं, “बाबा परत कधी जाणार?” तात्यांना सगळं कळत होतं. आपण आता कशाच्याच कामाचे नाही, ही गोष्ट त्यांना रात्रंदिवस टोचत होती, आणि टोचत होती म्हणूनच ते अधिक जोरात चमचा आपटत होते.

बायकोने एका सकाळी त्यांच्या हातातला चमचा काढून घेतला. “अहो, तो तुमचा पुढचा रविवार आला आता,” ती म्हणाली. “बूट घाला.”

पक्षीमंडळाची सभा भरायची ती दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात, कारण मंडळाच्या प्रमुख त्याच होत्या आणि खुर्च्या फुकट होत्या. भिंतीवर जबड्यांची चित्रं, मधोमध टेबलावर पसरलेला तालुक्याचा मोठा नकाशा, आणि भोवती दहाबारा माणसं एकदम बोलत होती. त्यांची अडचण साधी होती. सगळ्या तालुक्यातले पक्षी मोजायचे होते. मागच्या वेळी भाग वाटले होते ते ‘पुलापासून शाळेपर्यंत’ आणि ‘शाळेपासून पुढे’ अशा हिशोबाने. झालं काय, तर नदीकाठचा भाग चौघांनी मोजला, कचरा डेपोकडे कुणीच फिरकलं नाही, आणि एकच बगळा निरनिराळ्या लोकांच्या यादीत जाऊन एकटाच थवा होऊन बसला. म्हणून यंदा डॉक्टरीणबाईंनी ठरवलं होतं की नकाशावर सारखे चौकोन पाडायचे आणि एकेका चौकोनाला दोन दोन माणसं द्यायची.

चौकोन पाडायचे हे ठरलं होतं. पाडणार कोण, इथे घोडं अडलं होतं. बँकेतल्या कॅशिअरने पट्टी घेऊन डाव्या कडेपासून रेघा मारायला घेतल्या, आणि उजव्या कडेला पोचेपर्यंत त्याचे चौकोन पतंगासारखे तिरके झाले. पोस्टमनने वरून सुरुवात केली, तर खाली एवढीशी चिंधी उरली, जिच्यात अर्धा उकिरडा आणि एक विजेचा खांब मावत होता. “ती चिंधी कोण घेणार?” म्हणून वाद सुरू झाला.

तात्या दाराजवळच्या खुर्चीत बसून तोवर दवाखान्याची फरशी बघत होते. पण ‘चिंधी’ हा शब्द ऐकला आणि त्यांची मान वर झाली.

“कडेपासून कुणी सुरू करतं का?” ते म्हणाले. “मधून सुरू करायचं. म्हणजे तुकडे चारी कडांना सारखे वाटले जातात.”

सगळे वळून बघायला लागले. बायकोही वळली. तिने तात्यांकडे असं बघितलं, की त्यांना कित्येक वर्षांपूर्वीचं ओलं फडकं आठवलं.

“काकू, हे कोण?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“आमचे हे,” काकू म्हणाल्या. “पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही. पण रेघ मात्र सरळ मारतात.”

झालं. नकाशा गुंडाळून तात्यांच्या काखेत आला. घरी आल्या आल्या त्यांनी जेवायचं टेबल धुतलं, पुसलं, उतार दाखवणारी पाणीपातळी लावून तपासलं आणि एका पायाखाली पुठ्ठा सारला. बायको म्हणाली, “नकाशा आहे तो. त्यावरनं पाणी वाहून जाणार नाही.” तात्यांनी ऐकलं नाही. त्यांनी पेटी उघडली. काटकोन बघायचा गुण्या काढला, दोरी काढली, शाई काढली. तालुक्याचा मध्य शोधून तिथे टाचणी टोचली, आणि मग जी मान खाली घातली, ती जेवणासाठीसुद्धा वर केली नाही. तशीही जेवायला जागा नव्हती. ते दिवस दोघं ओट्याशी उभ्याने जेवली.

तात्या शिट्टी वाजवत होते. बायकोने ती शिट्टी किती तरी दिवसांनी ऐकली. मधल्या चौकोनापासून ते चारी दिशांना सरकत गेले, एक चौकोन, शेजारी दुसरा, खाली तिसरा, सगळे तंतोतंत सारखे. ज्या चौकोनात गावाबाहेरचं तळं येत होतं तो त्यांनी जरा जास्तच प्रेमाने काढला. बायको दर वर्षी तळंच मागून घेते हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी मनात पक्कं केलं होतं की यंदा तिच्याबरोबर तिथे आपण जायचं. हा नकाशा त्यांनी मंडळासाठी काढलाच नव्हता. इतक्या वर्षांचे रविवार ते देणं लागत होते, त्यातला पहिला चुकता करायला काढला होता. हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही. असल्या गोष्टी सांगायची तात्यांची रीत नव्हती.

नकाशा बघून दवाखान्यात सगळ्यांच्या तोंडून ‘वा’ निघालं. प्रत्येक चौकोनाला स्वतंत्र किनार, दोन किनारींच्या मध्ये नाजूक पांढरी रेघ. “केवढं सुबक,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि लगेच एकेका चौकोनाची वेगळी झेरॉक्स काढून वाटायला लागल्या.

“तळ्याचा चौकोन, काकू आणि कॅशिअर.”

तात्यांना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. “मी… म्हणजे काकूंबरोबर मीच जातो की,” ते म्हणाले.

“तात्या, तो नियमच आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नवरा-बायको एका चौकोनात नाहीत.”

हा नियम का झाला हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे सगळे छताकडे बघायला लागले. डॉक्टरीणबाई आणि त्यांचे यजमान, ज्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, एका वर्षी एकत्र गेले होते. बाईंना झाडावर ससाणा दिसला. यजमानांना तिथे अडकलेली प्लास्टिकची पिशवी दिसली. वाद पिशवीवरून सासरच्या माणसांवर गेला, तिथून लग्नातल्या फोटोंवर, आणि मग त्या घरात बरेच दिवस चिठ्ठ्यांवर संसार चालला. ती खरंच पिशवी होती, पण हे बोलायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

तात्यांना शेजारचा चौकोन मिळाला, पोस्टमनबरोबर. घरी जाताना त्यांनी वाटेतल्या एकाही ओट्याची फरशी बघितली नाही. आपल्याच हाताने रेघा मारल्या आणि बायको रेघेच्या पलीकडे जाऊन बसली, याचं त्यांना फार वाईट वाटलं. बायको म्हणाली, “अहो, शेजारीच तर आहात.” पण तिनेही नंतर दुर्बिणीच्या काचा गरजेपेक्षा जास्त वेळ पुसल्या.

खऱ्या मोजणीच्या आधी एक रंगीत तालीम ठेवली होती. त्या सकाळी तात्या आणि पोस्टमन आपल्या चौकोनाच्या कडेपर्यंत चालत गेले. पोस्टमन हद्दीचा मोठा कडक माणूस. आयुष्यभर त्याने समोरच्या गल्लीतलं पत्र कधी या गल्लीत टाकलं नव्हतं. झेरॉक्स बघून तो एका कुंपणाशी थांबला. “इथे आपलं संपलं,” तो म्हणाला.

समोर दोन्हीकडे लव्हाळं वाढलेला ओढा होता. ओढ्यापलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर, एका बांधाशी काकू आणि कॅशिअर उभे होते. आणि मधोमध, ओढ्याच्या पाण्यात, एक पाणकोंबडी आपली काळी पिल्लं घेऊन ऐटीत फिरत होती.

“पाणकोंबडी!” कॅशिअर ओरडला. “तुमची आहे, लिहून घ्या!”

“आमची कशी?” पोस्टमन इकडून ओरडला. “आमचं कुंपणाशी संपतं. तुमची आहे ती!”

“आमचं बांधाशी संपतं!”

“मग पुढे या!”

“पुढे कसे येणार? पुढे आमचं नाहीये!”

पाणकोंबडीने मान वळवून दोघांकडे बघितलं आणि पिल्लांना घेऊन लव्हाळ्यात गेली. कुणाच्याच कागदावर नसल्याचं तिला काही वाटलं नसावं. काकूंनी पलीकडून तात्यांकडे बघून हात वर केला. तात्यांनीही हात वर केला, पण तो तसाच अर्ध्यावर राहिला. ते कुंपण, तो बांध आणि मधली ही ओढ्याची पट्टी त्यांनी नीट न्याहाळली. ही पट्टी त्यांच्या ओळखीची होती. आयुष्यभर त्यांनी ती सोडली होती.

त्यांनी वर केलेला हात हळूच खिशात घातला.

दवाखान्यात परतल्यावर तर कहरच झाला. जोड्यांमागून जोड्या येत होत्या आणि प्रत्येकाची तक्रार एकच. शिवणकामाच्या दुकानवाल्या बाईंना वडाच्या ढोलीत घुबड दिसलं होतं, पण वड त्यांच्या चौकोनात नव्हता आणि शेजारच्यांच्याही नव्हता. कुणाची घार रेल्वेच्या रुळांवर बसली होती, आणि रूळ कुणाचेच नव्हते. एका जोडीला आपला चौकोन संपल्यावर समोरच्या जोडीबरोबर चहा प्यायचा होता, तर मधे शंभर मीटर बेवारस जमीन होती. डॉक्टरीणबाईंनी मूळ नकाशा टेबलावर पसरला, पट्टी ठेवली, चष्मा लावला, आणि त्या पांढऱ्या नाजूक रेघा मोजल्या.

“तात्या,” त्या म्हणाल्या, “ही दोन मिलिमीटरची फट कसली?”

“सांधा,” तात्या म्हणाले.

“कसला सांधा?”

“म्हणजे… सांधा. दोघांच्या मध्ये सोडावा लागतो.”

“कशाला?”

तात्यांना हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नव्हता. ‘श्वास कशाला घ्यायचा’ असं विचारल्यासारखंच ते होतं. “नाही सोडला तर उन्हाळ्यात फुगतात,” ते म्हणाले. “एकमेकांना रेटतात आणि मग मधेच उठतात.”

“काय उठतं?”

“फरशी,” तात्या म्हणाले, आणि म्हटल्याक्षणी आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं.

सगळ्यांचं लक्ष आपोआप दवाखान्याच्या फरशीकडे गेलं. मग पोस्टमनच्या नाकातून आवाज निघाला. मग शिवणकामवाल्या बाई खुर्चीचा हात धरून वाकल्या. मग सगळा दवाखाना जो हसायला लागला, तो थांबेना. कॅशिअर दातांच्या खुर्चीत पडला आणि त्याचा पाय बटणावर पडून खुर्ची हळूहळू वर जायला लागली, तसा तो वर जाता जाता हसत होता. डॉक्टरीणबाई चष्मा काढून डोळे पुसत म्हणाल्या, “नकाशावरचे दोन मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे शंभर मीटर, तात्या! अख्ख्या तालुक्याला तुम्ही सांधे सोडलेत!”

तात्या उभे होते ते तसेच उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. हसू कुणी दुष्टपणाने हसत नव्हतं, हे त्यांना कळत होतं, पण कळण्याने घाव कमी लागत नाही. हातातलं एक काम गेलं होतं, दुसरं मिळालं होतं, आणि तेही असं झालं. बायकोच्या मंडळात, बायकोच्या माणसांसमोर. “मी रातोरात नवा काढून देतो,” ते खाली बघत म्हणाले.

“आता कसला नवा?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मोजणी उद्यावर आली. सगळ्यांनी आपापल्या वाटा पाठ केल्यात. पण त्या फटीतल्या पक्ष्यांचं काय करायचं? पाणकोंबडी, घुबड… अहो, सगळे चांगले पक्षी फटीतच बसलेत.”

तेव्हा काकू उठल्या. त्या एकट्याच हसल्या नव्हत्या, आणि हे तात्यांनी बघितलं होतं.

“फरशी बसवून झाली की सांधे भरतात,” त्या म्हणाल्या. “त्यात एवढं डोकं धरून बसण्यासारखं काय आहे? तळ्यावर कॅशिअरबरोबर दुसऱ्या कुणाला तरी द्या. सांधे आम्ही भरतो.”

“आम्ही म्हणजे?”

“मी आणि हे. हे काम आम्ही आधी केलेलं आहे.”

तात्यांनी मान वर केली.

“पण काकू, नियम…” डॉक्टरीणबाई सुरू झाल्या. “नवरा-बायको एका चौकोनात…”

“चौकोनात कुठे?” काकू म्हणाल्या. “आम्ही तर चौकोनाच्या बाहेर आहोत.”

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. उभा जन्म लोकांना ‘आ करा’ म्हणणाऱ्या बाईंवर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती. चष्मेवाले यजमान कोपऱ्यातून हळूच म्हणाले, “बरोबर आहे त्यांचं,” आणि लगेच पाणी प्यायला बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आणि काकू तालुक्याच्या मधोमध, जिथे टाचणी टोचली होती त्याच्या शेजारच्या सांध्यात, चालायला लागले. आणि मग जी गंमत सुरू झाली ती विचारू नका. पहिला पक्षी तात्यांनाच दिसला. आता नाव कुठून आणायचं? त्यांनी डोळे बारीक केले.

“पाठ राखाडी ग्रॅनाइट,” ते कुजबुजले. “पोट आयव्हरी. चकचकीत नाही, मॅट. आणि कडेला काळी बॉर्डर. शेपटी सारखी खालीवर, लेव्हल मारल्यासारखी.”

“धोबी,” काकू दुर्बीण न लावताच म्हणाल्या.

“आणि तो बघ, तारेवर. निळा. बाथरूमचा निळा नव्हे, तो महागातला, ज्याची एकच पेटी शिल्लक असते. छातीवर पांढरा पॅच.”

“खंड्या,” काकू म्हणाल्या, आणि मग मात्र त्यांना बसावंच लागलं. आदल्या दिवशीचं सगळं हसू त्यांनी राखून ठेवलं होतं, ते इथे सांडलं. त्या बांधावर बसून पदराने डोळे पुसत होत्या, आणि तात्या त्यांच्याकडे बघून कारण नसताना हसत होते, आणि खंड्या दोघांना कंटाळून उडून गेला. पाणकोंबडी मात्र त्यांनी पिल्लांसकट लिहून घेतली. घुबडाला तात्यांनी “टेराकोटा, जुना स्टॉक” म्हटलं, तेही काकूंनी ओळखलं. पाणी लागलं की तात्या आधी उतार कुठे आहे ते सांगत, काकू कोण कुठे बसलं असेल ते सांगत, आणि बहुतेक वेळा दोघंही बरोबर निघत. भांडणं झाली नाहीत असं नाही. एका काळ्या ठिपक्यावरून बरीच झाली. ती शेवटी म्हैस निघाली.

बाकीच्यांचे चौकोन एका सकाळीत आटोपले. सांधे कुठले आटोपायला! तालुक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, उभे आणि आडवे, सगळीकडे सांधेच सांधे. दुसऱ्या रविवारी गेले, तिसऱ्या रविवारी गेले. तात्यांचे गुडघे चालून मोकळे झाले. हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, “कुठे चालता एवढं?” तात्या म्हणाले, “फटीतून,” आणि डॉक्टरांनी पुढे विचारलं नाही. शनिवारी बायको ‘उद्या येता का’ असं आता विचारत नसे. ती नुसती दोघांचे बूट दाराशी काढून ठेवी.

वर्ष फिरून आलं. शेवटचा सांधा भरून झाला, आणि पुन्हा मोजणीची वेळ आली. डॉक्टरीणबाई स्वतः घरी आल्या. कोरा नकाशा तात्यांच्या हातात देऊन त्यांनी बोट वर केलं. “तात्या, या वेळी चौकोनाला चौकोन चिकटलेला पाहिजे. मधे सुई जाता कामा नये.”

“जाणार नाही,” तात्या म्हणाले. एकदा कानाला खडा लावला तो लावला.

त्यांनी टेबल धुतलं, पातळी लावली, टाचणी टोचली. या वेळी शिट्टी नव्हती. पेन्सिलने त्यांनी चौकोनाला चौकोन असा भिडवला, की कारागिराने बघून कानशिलात मारावी. सगळा तालुका एकसंध झाला, एक टाचणीभर जागा कुठे उरली नाही. संध्याकाळी बायको हात पुसत येऊन शेजारी उभी राहिली. तिने या कडेपासून त्या कडेपर्यंत नकाशा बघितला. एका चौकोनावरून तिचं बोट दुसऱ्यावर गेलं, थांबलं, आणि परत आलं.

“चांगला झालाय,” ती म्हणाली. बोट मात्र तिने नकाशावरून उचललं नाही.

“काय गं?”

“काही नाही,” ती म्हणाली. “मग आता आपण कुठून चालायचं?”

तात्यांनी तिच्याकडे बघितलं. नकाशाकडे बघितलं. शाई अजून फिरवायची होती. त्यांनी पेटीतून खोडरबर काढलं, बाही वर सारली आणि विचारलं, “मागच्या वेळी दोन सोडले होते. यंदा किती सोडू?”

“तीन सोडा,” बायको म्हणाली, आणि दिवा लावायला गेली.